एका पॅडला एकच पॉलिश

लुडविकात एप्रिल म्हणजे
गाड्यांच्या पोटाखालचं मीठ धुऊन काढायचे दिवस.
तळ्यावरचा बर्फ राखाडी झालाय, फुटला नाही अजून.
गॅरेजचं शटर अर्धं वर,
आत चौसष्ट सालची व्होल्वो,
निळी, म्हणजे कधीकाळी.
आता खडू पुसलेल्या फळ्यासारखी.

भिंतीवर खिळ्यांना पॅड टांगलेत:
मेंढीच्या लोकरीचं, राठ, कायम भुकेलं;
नारिंगी फोम, शिळ्या पावासारखा घट्ट;
पांढरा, मधल्या स्वभावाचा;
आणि काळा, इतका मऊ
की बोट रुततं आणि खूण राहत नाही.
प्रत्येकाच्या पाठीवर राग्नवाल्डने मार्करने
एकेका बाटलीचं नाव घातलंय.
एका पॅडला एकच पॉलिश.
जमिनीवर पडला तर थेट कचऱ्यात;
वाळूचा एक कण, आणि दिवसभराची मजुरी गेली.

"लोकर आणि बारीक पॉलिश," तो म्हणतो,
"छत्तीसचा आकडा.
एक ओरबाडणार, दुसरं गोंजारणार,
उन्हात बघशील तर सगळीकडे भोवरे.
उलटं केलंस, जाड कंपाउंड मऊ फोमवर,
तर फोम गुदमरतो
आणि ओरखडा हसत बसतो."

अस्मारात माझा मामा
फियाट पुसायचा जुन्या बनियनने,
रॉकेलचे चार थेंब, वर एक शिवी.
तेवढंच येत होतं मला इथे आलो तेव्हा.
मागच्या शरदात एका ओपेलच्या बॉनेटची कड
लोकरीने जाळली मी. दोन सेकंदांत.
खालून प्रायमर दिसला, हाडासारखा.
राग्नवाल्ड ओरडला नाही.
चिकटपट्टीचा रोल माझ्या हातात दिला
आणि कॉफी प्यायला गेला.
तेव्हापासून कडा आधी झाकतो. स्वप्नातसुद्धा.

आज दारावर वीतभर जागा आखून घेतली.
सगळ्यात मवाळ जोडी पहिल्यांदा,
तिने भागलं तर पुढची बाटली उघडायची नाही.
भागलं नाही.
मग पांढरा, त्याची बाटली, वाटाण्याएवढे चार थेंब,
आडवं, उभं, पुन्हा आडवं,
मशीनचा आवाज हळूहळू घशातून पोटात उतरला,
आणि पॅड निळा झाला.

मी बटण सोडलं. तळवे ओले.
"किफ्लोम, घाबरू नकोस," तो म्हणाला,
"जुना रंग आहे. वर लॅकरचं पांघरूण नाही.
तू धूळ काढत नाहीयेस,
गाडीच काढतोयस, थोडी थोडी.
म्हणून मोजून."

दुपारी अल्फहिल्ड आली, थर्मास घेऊन.
गाडी तिच्या बहिणीची. बहीण सुईण होती,
खाणीच्या वस्त्यांत रात्री-अपरात्री
हिच्यातूनच जायची, उणे तिसातही.
अल्फहिल्डने चकाकणारं दार पाहिलं न पाहिलं.
टेबलावरचा पॅड उचलला,
नाकाशी नेला, अंगठा फिरवला,
अंगठा निळा.
"हा मी नेते."
"धुऊन चालतो तो अजून वर्षभर," राग्नवाल्ड म्हणाला,
"एकशेचाळीस क्रोनरचा आहे."
"लाव बिलाला."
तिने ब्रेडच्या पिशवीत घातला,
पिशवीला गाठ मारली. दोनदा.

उरलेली बाजू दुसऱ्या पांढऱ्याने केली,
नवा, त्याच्या पाठीवर अजून नाव नव्हतं.

शेवटी मेण.
त्याला मशीन लागत नाही, घाई चालत नाही.
काळा पॅड तळहातावर घेतला,
डब्यावर एकदाच टेकवला.
पातळ. अजून पातळ.
दिसलं तर जास्त झालं.
फडक्याने उचललं तसा
दारात आधी माझा शर्ट आला,
मग तळ्याचा तुकडा,
मग कोपऱ्यात, इतकीशी,
पिशवी काखोटीला मारून
बसथांब्याकडे निघालेली अल्फहिल्ड.

संध्याकाळी राग्नवाल्ड बिल करत होता:
कामाचे तास, कंपाउंड नाही, पॉलिश, मेण.
पॅड, एक.
त्यापुढे आकड्याच्या जागी
त्याने एक आडवी रेघ ओढली
आणि मला म्हणाला, खिळा रिकामा ठेवू नकोस,
उद्या ओपेलवाला येतोय.